पहिली चाळीस पानं

आई,

तुझं ते पंप आणि पाइपांचं हँडबुक परत माझ्याकडे आलंय. पुस्तक नव्हे, त्याच्या पानांचे फोटो. गुरुग्रामची एक कंपनी जुनी तांत्रिक पुस्तकं स्कॅन करते, मशीन त्यातला मजकूर वाचून टाइप करतं, आणि मशीनने कुठे काय खाल्लं ते मी घरी बसून तपासतो. तुझ्यासारखा इंजिनिअर काही मी झालो नाही, ते तू पाहूनच गेलीस. सोमवारी फाइल उघडली तेव्हा नाव ओळखीचं वाटलं, पण अशी पुस्तकं सरकारी कचेऱ्यांत ढिगाने असतात. चाळीस पानं मुकाट्याने तपासली. एक्केचाळिसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं तुझं अक्षर. इंग्रजी पुस्तकात मराठी नोंदी! मशीन बिचारं पार गांगरलं होतं, प्रत्येक नोंदीच्या जागी त्याने आकडे आणि उद्गारचिन्हं ओकून ठेवली होती. मी चहा ठेवायला उठलो आणि गॅस न पेटवताच परत येऊन बसलो.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हे पुस्तक स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांशेजारी असायचं. मराठीत का लिहितेस असं विचारलं तर म्हणायचीस, "साहेबाला वाचता येऊ नये म्हणून." तू पोळ्या लाटते आहेस आणि मी ओट्याला टेकून तुला तक्ते वाचून दाखवतो आहे, पाइपाचा व्यास, पाण्याचा दाब, ओळीमागून ओळ. एकदा आकडे सारखे वाढत चालले होते, म्हणून पुढचा मी न बघताच ठोकून दिला. तुझं लाटणं थांबलं. तक्ता तुला तोंडपाठ होता, हे मला कुठे ठाऊक! "दिसतंय तेवढंच वाच," तू म्हणालीस, "असावंसं वाटतं ते वाचू नकोस." एवढ्याशा चुकीला एवढं काय, म्हणून मी दोन दिवस फुगून बसलो होतो. आज त्याच वाक्यावर माझं पोट चालतं. आई, तेव्हा म्हणायचं राहिलं, आता म्हणतो. फार उपकार झाले तुझे.

मग गुडगावात उंच इमारती उठायला लागल्या. अर्धी दिल्ली तिकडे प्लॉट बघायला जात होती, तू नोकरी बघून आलीस. पन्नाशीला टेकलेली बाई सरकारी नोकरी सोडून प्रायव्हेट कंपनीत जाते, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं सगळे म्हणाले. तू फक्त 'नो ड्यूज'चा फॉर्म भरत होतीस. त्यावर लायब्ररीची सही हवी, आणि सही हवी तर पुस्तक कोरं हवं. रविवारची दुपार होती, घरात नुकतंच केबल आलेलं, मॅच चालू. तू माझ्या हातात खोडरबर दिलंस. "सगळं खोड. एक खूण राहता कामा नये."

मी रागाने खोडायला लागलो. पानं फाटतील इतकं घासलं. चाळीस पानं झाली आणि मॅच रंगात आली. पुस्तक मिटलं आणि सांगितलं, झालं.

तू सुरुवातीची चार पानं चाळलीस. "अगदी कोरं केलंस की रे!" म्हणालीस, आणि पर्समधून तुझी सहा इंची स्टीलची पट्टी काढून मला दिलीस, तक्ता वाचताना ओळीखाली धरायचीस ती. "तिकडे सगळं कॉम्प्युटरवर. मला काय करायचीय आता." लायब्ररीतल्या बाबूनेही सुरुवातीचीच पानं पाहिली असणार, कारण सही मिळाली. ती पट्टी मी आजही स्क्रीनला लावून आकडे तपासतो. तुझी नात हसते, "बाबा, यार, कर्सर कशासाठी आहे?"

कंपनीतल्या मुलीचा मंगळवारी फोन आला. "सर, ये पेन्सिल वाला सब हटाना है. क्लाएंट को क्लीन कॉपी चाहिए." तेच काम, दुसऱ्यांदा, माझ्याच वाट्याला! मी म्हटलं, हे माझ्या आईचं अक्षर आहे, आणि एक नोंद वाचून तिला हिंदीत सांगितली. 'द्वारका : बोअरचं पाणी खारट. पाइप आतून भरत जातो. एक माप मोठा घेणे.' मी दिल्लीतल्या याच द्वारकेत राहतो, आई. आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी भिंती फोडून सगळे पाइप बदलले, ते याच पायी. दुसरी नोंद वाचली. 'या तक्त्यावर विसंबू नये. स्वतः चढून टाकी बघणे.' साडी खोचून शिडी चढणारी तू मला लख्ख दिसलीस. तिने तिकडे फाइल उघडून ते पान पाहिलं. मग म्हणाली, "अच्छा सर, हटाइए मत. इंग्लिश में कर दीजिए, पीछे अलग से लगवाती हूँ. मैं बात कर लूँगी."

तीन दिवस तेच करतो आहे. इतकं सुखाचं काम मला कधी मिळालं नव्हतं. माझ्या आळशीपणामुळे तू उरलीस, हे सांगून तुला हसवावं असं सारखं वाटतं. हे पत्र त्याच फोल्डरमध्ये ठेवून देईन, जाणार कुठे ते.

काल ती सहज म्हणाली, "शुरू के चालीस पन्ने तो एकदम साफ़ हैं सर. मैडम ने वहाँ कुछ नहीं लिखा था?"

"नहीं," मी म्हटलं, "वहाँ नहीं लिखा."

पुन्हा खोटंच बोललो, आई. ती चाळीस पानं मी मोठी करकरून पाहिली, तुझी पट्टी लावून, एकेक समास. दिसतंय तेवढंच वाच, म्हणाली होतीस. काहीच दिसत नाही. फार नीट खोडलं होतं मी.