माझ्या सहीचं घर

४ मार्च

मिसेस बीवनच्या स्वयंपाकघराचं वायरिंगचं काम हातचं गेलं. फोनवर गोड बोलल्या, मग विचारलंच, "तू कुठल्या संस्थेत आहेस, बाळ?" कुठल्याच नाही! अकरा वर्षं एमिरबरोबर भिंती खोदल्या, वायरी ओढल्या, पण नोंदणी नवऱ्याची, कामाच्या दाखल्यावर सही नवऱ्याची. आता नवराच लौरीचा झाला. नोंदणी नसली की नवीन वायरिंगच्या प्रत्येक कामाला तपासायला कौन्सिलचा माणूस बोलवायचा, त्याची फी वेगळी. माझ्यासाठी कोण थांबेल? घर फिरलं की वासेही फिरतात.

६ मार्च

इलेक्ट्रिशियनची नोंदणी करणाऱ्या दोन संस्था आहेत. मोठी – एमिर आहे ती. दुसरी लहान, पण फोनवरची बाई माणसासारखी बोलते.

माझी थोरली बहीण, माइरताई, म्हणाली, "मोठीच घे. लोकांना नाव लागतं. आणि तो बघून जळेल तरी!"

जळणार नाही गं तो. त्याच्या लक्षातही यायचं नाही.

९ मार्च

रडले. बाकी काही नाही.

११ मार्च

दोन्हीकडे एकच अट – परीक्षक येणार, त्याला माझ्या सहीचं एक पुरं काम दाखवायचं. मी केलेली कामं लनेथली गावभर आहेत, कागदावर सगळी एमिरची. माझ्या सहीचं एकच – आमचं घर. तेव्हा त्याचीही नोंदणी नव्हती. म्हणाला होता, "आपल्या घराची सही तू कर, नेर." तिथे आता लौरी राहते, आणि मी बेकरीच्या वरच्या खोलीत. त्याच्याकडे परवानगी मागायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

१२ मार्च

मागितली. "ये की," म्हणाला. एवढंच! भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च

लहान संस्था ठरवली. मोठीचा बिल्ला एमिरच्या गाडीवर आहे. तोच माझ्या गाडीवर लावून सिग्नलला त्याच्या शेजारी उभं राहणं मला जमायचं नाही.

माइरताई – "बिल्ला बघून संस्था निवडतेस? येडी की खुळी!"

दोन्ही.

२२ मार्च

परीक्षक मिस्टर हॉपकिन. वयस्क, अबोल. एमिर आधीच बाहेर पडला होता, मुद्दाम. माझ्याच दाराची बेल मी वाजवली! लौरीने चहा केला, माझ्या किटलीत. चांगली आहे ती. तेच तर सोसवत नाही.

हॉपकिन म्हणाले, माडीवरची लहान खोली बघू. आम्ही बाळासाठी ठेवलेली. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोटातच गेलं. भिंतींचा पिवळा रंग खरवडून काढलाय. लौरी म्हणाली, "अजून काय करायचं ते ठरलं नाही."

खाली जाऊन त्या खोलीपुरती वीज बंद केली. टेस्टर तपासला, मग प्लगच्या वायरीला लावला. वीज नाही. तारा सोडवायला बसले. हॉपकिन जागचे हलेनात.

"पुढे?"

"पुढे काय?"

मग डोक्यात प्रकाश पडला. वीज नाही असं टेस्टर सांगतो, पण मधल्यामध्ये टेस्टरच बिघडला असेल तर? तो चालू विजेवर पुन्हा तपासून बघायचा असतो. शिकाऊ पोरंही विसरत नाहीत. मी विसरले, कारण घर माझं, मला सगळं ठाऊक!

"घर तुमचं असेल, बाई," ते म्हणाले, "वीज कुणाची ओळख ठेवत नाही."

पहिल्यापासून पुन्हा केलं. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले, माझे डोळे पुसून होईपर्यंत.

२९ मार्च

पास! नोंदणी झाली – नेरिस प्रॉबर्ट, माहेरचं नाव. माइरताई बारा ब्रिथ, आपला मनुकांचा वेल्श पाव, भाजून घेऊन आली. "आता ऐटीत विचारू दे त्या बीवनबाईला, कुठल्या संस्थेत म्हणून!" दोघी हसलो. पण ही बातमी पहिल्यांदा ज्याला सांगितली असती, त्याला सांगता येत नाही.

२ एप्रिल

नोंदणीनंतरचा पहिला फोन – लौरीचा. माडीवरच्या लहान खोलीत पाळण्याशेजारी मंद दिवा हवाय, सप्टेंबरच्या आत. एमिर घरातलं बाकी सगळं करतो, त्या खोलीतल्या वायरीला हात लावत नाही. म्हणतो, ते नेरचं आहे.

मंगळवारी येते म्हटलं.