नवरीच्या गाण्यांवरचा लेख

आईस, वुहानहून माओलीचा नमस्कार.

मी मजेत आहे. तू दिलेलं धुरावलेलं मांस अजून पुरतंय. बाबांचा खोकला कमी झाला का?

लग्नाआधी नवरी रडत म्हणते त्या तुझ्या गाण्यांवरचा माझा लेख अखेर छापून आला. आधी सगळ्या मासिकांनी परत धाडला होता. पदवीच्या पोरांचं म्हणे छापत नाहीत. मग आमचे फू सर म्हणाले, "माझं नाव पुढे लाव, लगेच घेतील." घेतला. पण माझं नावच गाळलं. विचारलं, तर सर म्हणाले, "अगं, शिकायला मिळालं ना?" तुझंही नाव काढून त्यांनी 'एक अडाणी बाई' केलंय.

मनाला लावून घेऊ नकोस. नवरी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला शिव्या घालते ते गाणं लाजेपोटी मी लेखात घेतलं नव्हतं. आता लागेल, या सुट्टीत तेवढं मला शिकव.

तुझी लेक,
माओली