उन्हाळी तळापासूनचं अंतर

सॅन फ्रान्सिस्को,
३ जून २०१९

ती. बर्निटामावशीस,
कॉर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे ते तूच कळव. मामाला विचारलं तर तो मेंढ्यांच्या गुडघ्यांचं सांगतो.

कामाचं लिहिते, कारण परवान्याचा मसुदा आज जाहीर झाला आहे. डोंगराखालच्या माळावर एका कंपनीला गॅस दाबून पुढे ढकलणारं केंद्र उभारायचं आहे. सहा इंजिनं. जमीन आपल्या जमातीची, म्हणून हवेचा परवाना राज्य देत नाही, आमचं केंद्र सरकारचं कार्यालय देतं. आणि तो मिळेपर्यंत पाया खणता येत नाही. फाईल माझ्याकडे आली. सर्वांत जवळचं घर तुझं, साडेचार मैलांवर. तिथे पोचणारा धूर मर्यादेत आहे.

नातं मी वरिष्ठांना सांगितलं. ज्यांचं काम आपण हाताळायचं नाही अशा नात्यांच्या फॉर्मात आईवडील, भावंडं, नवरा, मुलं एवढेच रकाने आहेत; मावशी त्यात बसत नाही. फाईल माझ्याकडेच राहिली.

सप्टेंबरात जागा पाहायला यावं लागेल. दोन दिवस. तीन वर्षांनी. रस्सा कर, पण मुद्दाम मेंढी कापू नकोस.

तुझी,
कॉर्लिन

उन्हाळी तळ, चुस्का डोंगर,
१५ जून

चि. कॉर्लिन हिस अ. उ. आ.

पत्र मामाने टपालातून आणलं आणि वाटेत वाचलंही. म्हणतो, वारा मोजणाऱ्या पोरीला नवरा वाऱ्यावरच शोधावा लागणार.

मला 'मावशी' म्हणून लिहितेस? त्या शहरात माणसाला एकच आई पुरते वाटतं. माझी थोरली बहीण होती तेव्हाही तू आम्हा दोघींना आईच म्हणायचीस, आणि जी आधी भाकरी देईल तिच्याकडे पळायचीस.

आता कामाचं. घर साडेचार मैलांवर आहे, बरोबर. पण मे ते ऑक्टोबर मी घरात असते का ग? वर मेंढ्या घेऊन तळावर असते. कंपनीची माणसं माळावर गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली. त्या मला चुलीपाशी बसून दिसतात. दोन फिती आपल्या बोकडाने खाल्ल्या, त्याला काही झालं नाही. तुझी नाळ ह्याच तळावर, मेंढ्यांच्या कुंपणाच्या दाराशी पुरली आहे, आणि तूच हा तळ विसरलीस?

खरं सांग, तळ हलवू का? हलवायचा तर कुठे? पाणी इथेच आहे.

सप्टेंबरात ये. मेंढी मी निवडून ठेवली आहे, तुझं ऐकणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
बर्निटा

सॅन फ्रान्सिस्को,
२१ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तळ हलवू नकोस.

मी तपासलं. कंपनीने जोडलेलं उपग्रहाचं छायाचित्र जानेवारीतलं आहे. त्यात बर्फ आणि लाकडांचं एक कडं दिसतं. खाली लिहिलं आहे, 'वापरात नसलेलं कुंपण'. शेजारी बरोबरची खूण आहे. ती खूण माझी. ते कडं मी ओळखलं नाही.

मसुद्याच्या नोटिशीचे तीस दिवस २ जुलैला संपतात. तोवर तिथे राहणाऱ्या माणसाचं लेखी म्हणणं यायला हवं: कोण, किती महिने, किती जण, झोपता कुठे, मोजायचं कुठून. ते मी लिहून देऊ शकत नाही. तुझ्या अक्षरात लिही. नोटीस गावसभेच्या भिंतीवर लावली आहे, पत्ता तिच्यावर आहे.

त्यानंतर माझं काय होईल, हा विचार तू करू नकोस.

कॉर्लिन

उन्हाळी तळ,
२६ जून

चि. कॉर्लिन हिस अ. उ. आ.

लिहिलं. शाळेतल्या बाईंनी मारून शिकवलेलं अक्षर आज कामी आलं. मामा स्वतः टपालात टाकून आला. दोन माणसं, साठ मेंढ्या, सहा महिने, झोपायला फांद्यांचा मांडव. कुठून मोजायचं त्याचंही लिहिलं: कुंपणाच्या दाराशी माझ्या मुलीची नाळ आहे, तिथून मोजा. 'भाची' लिहायला हात वळला नाही. चुकलं का ग?

मेंढी लठ्ठ होते आहे.

बर्निटा

सॅन फ्रान्सिस्को,
९ जुलै

ती. आईस,
कॉर्लिनचा सा. न. वि. वि.

चुकलं नाही. तुझं पत्र वेळेत पोचलं. वरिष्ठ म्हणाले, कागदावर ती मावशीच आहे, तू फाईल ठेवू शकतेस. पण उद्या कंपनीने म्हटलं असतं की निकाल घरच्याच मुलीने दिला, आणि तुझा तळ पुन्हा नकाशावरून गेला असता. आणि तसंही, तुला परकी म्हणून सही करायला माझाही हात वळला नाही. मी नवा फॉर्म घेतला आणि 'आई'च्या रकान्यात तुझं नाव लिहिलं.

फाईल त्याच दुपारी दुसऱ्या टेबलावर गेली. जुना मसुदा मागे घेतला आहे. धुराचा हिशेब आता तुझ्या कुंपणाच्या दारापासून होईल. नातं लिहून दिलं, म्हणून निकाल लागेपर्यंत मला तिकडे येता येणार नाही. वर्ष लागेल, कदाचित जास्त.

सप्टेंबरात माझ्याऐवजी हॅलोरन नावाचा गृहस्थ येईल. माणूस नीट आहे, पण दुपारी येणारा आहे. त्याला पहाटे बोलाव. त्या वेळी गार हवा माळावर कशी साचून बसते, धूर तिच्यात कसा अडकेल, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. रस्सा त्याला वाढ. मेंढी मात्र दुसरी काप.

दारापासून पहिल्या खुंटीपर्यंत शून्य पूर्णांक चार मैल भरतात. दारापासून माझ्या टेबलापर्यंतही मी मोजलं. ते कुठल्याच रकान्यात लिहायचं नाही, म्हणून इथे लिहिते: सातशे पंचावन्न.

लोभ तळावर असू दे, मी येईपर्यंत.

तुझी मुलगी,
कॉर्लिन