शिसारी

मेढा, ८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मनुबाईस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मी दादाच्या पायाची पट्टी बदलली. साखरेच्या आजारानं चिघळलेली ती जखम तू आता पाहिलीच असशील. मग पूजेला बसायचं म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं, मयताहून आल्यावर घेतो तसं. बायकोला म्हणालो, शिसारी आली. दादा दारातच उभा होता. म्हणाला, नाना, मी अजून हाय रं. दुपारच्या एसटीनं तो तुझ्याकडे निघून आला.

ताकात माशी पडली की वापरायचा शब्द मी आपल्या थोरल्या भावासाठी वापरला. वडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्यानं मला शिकवलं. आता माझा आवाज ऐकला की फोन ठेवतो. न्यायला येऊ का, एवढं त्याला विचार.

तुझा,
नाना


सांगली, १३ ऑगस्ट

ती. नानास,
सा. न. वि. वि.

विचारलं. नगं म्हणतो. विष वर चढतंय, शुक्रवारी गुडघ्याखालून पाय काढायचा हाय.

शिसारी मला बी येती. नाकाला पदर लावूनच पट्टी सोडते. दादा म्हणतो, मने, तुझं तोंड बघून दुधाचं दही हुईल. मग दोघं हसतो. शिसारीचा राग न्हाई त्याला. तू लय देवभक्त. पर त्याला जितेपणीच पोचवून आलास, ते लागलंय.

आता घोर एकच. ज्या पायानं जन्मभर चिखल तुडवला, त्यो दवाखान्याच्या कचऱ्यात जाईल म्हणतो. घरच्यांनी मागितला तर देतात म्हणं. हितं हात लावायला कुणी तयार न्हाई, मलाबी धीर न्हाई. तूच बघ.

तुझी,
मनू


मेढा, १७ ऑगस्ट

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

काल तू शुद्धीवर यायच्या आत मी निघालो. तोंड दाखवायचा धीर नव्हता. सही करून पाय मागून घेतला. जीपवाला म्हणाला, मागं ठेवा. मी मांडीवर घेतला. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. शिसारी आली, दादा, खोटं कशाला सांगू. उंब्रजपर्यंत दोनदा जीप थांबवून ओकलो आणि परत मांडीवर घेतला.

रात्रभर उशाशी ठेवला. उजाडल्यावर वरच्या खाचराच्या बांधावर कमरेएवढा खड्डा खणला. ठेवताना कापड सुटलं. अंगठ्याचं नख अजून तसंच वाकडं आहे. मीठ घातलं, माती लोटली.

माया उरली असेल तर असू दे. नसली तरी एवढं कळू दे, की पाय कचऱ्यात गेला नाही. आपल्या रानात पुरला, मी, माझ्या हातानं.

तुझा धाकटा,
नाना