राजकन्या खरं काय म्हणत होती

श्रूजबरी, अमेरिका, रविवार

चि. सौ. सुचित्रास तुझ्या एकुलत्या भावजींचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल. माझी साखर ताब्यात आहे (असं डॉक्टर म्हणतात, मी वाद घालत नाही). तुझ्या मीनाक्षीताईला जाऊन परवा दोन वर्षं होतील.

म्हणून या वेळी मराठी मंडळाच्या 'ज्येष्ठांची दुपार' या कार्यक्रमात तिच्या आठवणीसाठी मी सिनेमा ठेवला. लग्नानंतर आम्ही वर्षभर स्टुटगार्टला होतो, तेव्हा पाहिलेला जुना जर्मन सिनेमा: बगदादचा खलिफा, उडता गालिचा, दर दहा मिनिटांनी गाणं आणि सगळे अरब गोरेपान. माझं जर्मन नटबोल्टपुरतं. मीनाक्षी मात्र क्लासला जायची, म्हणून सगळी गोष्ट तिनेच मला कानात मराठीत सांगितली होती. खलिफाची मुलगी लांब दिलेली असते, रोज गच्चीवर जाऊन आईला हाका मारते, शेवटी गालिच्यावर बसून माहेरी जाते.

डिस्क आली ती बिनसबटायटलची. म्हटलं, अडलंय कुठे, मला गोष्ट पाठ आहे! माईक घेतला आणि चाळीस जणांना मीनाक्षीची गोष्ट सांगू लागलो. दिगंबरराव (हे स्वतःच्या सत्कारातही झोपले होते) चक्क डोळे पुसत होते. फक्त मंडळातल्या हिमानीची जर्मन सासू ऐन गच्चीवरच्या गाण्याला खो खो हसत सुटली. हिमानीने तिला माझी गोष्ट समजावली, तर बाई उठून उभ्याच राहिल्या. "नो, नो, शी इज सिंगिंग अबाउट कॉफी!" राजकन्येचं लग्नच झालेलं नाही म्हणे. राजवाड्यातली कॉफी कडू म्हणून ती कुरकुरते, आणि शेवटी लग्न करून गालिच्यावरून हनिमूनला जाते. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

मीनाक्षीला जर्मन चांगलं येत होतं गं. त्या संध्याकाळी ती मला काय सांगत होती, ते मला बावन्न वर्षांनी कळलं. सिनेमा सुटल्यावर मी तिला अमेरिकेतल्या नोकरीचं पत्र दाखवलं. ती लगेच हो म्हणाली. (मी खूश. गाढव कुठला!)

तुझा भावजी,
प्रल्हाद

ता. क. त्या आणि पुढच्या वर्षांतली तिची पत्रं तू जपून ठेवली आहेस ना? तेवढी पाठव. एवढं लांबण लावलं ते त्यासाठीच.

ता. क. २ नको, पाठवू नकोस. तूच वाच, आणि ती इथे सुखात होती एवढं मला फोनवर सांग. तसं लिहिलेलं नसलं तरी सांग.