शेगडीची कॉइल

माय, परवा माझ्या धाकट्या लेकीच्या नव्या घरात वायरिंग चाललं होतं. गिझरच्या लाइनला किती अँपिअर धरलेत, असं मी वायरमनला विचारलं, तर त्यानं अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. अंदाज मला चालत नाही, हे वीजखात्यात नोकरीभर सगळ्यांना ठाऊक होतं. ही सवय मला तुझ्याशी भांडून लागली, म्हणून आज तुलाच लिहायला बसले.

अजून डोळ्यांपुढं दिसतं, औरंगपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात तू विजेच्या शेगडीसमोर बसली आहेस. वैजापूर-फुलंब्रीकडून शिकायला आलेल्या मुलांचे डबे व्हायचे आहेत. कॉइल तुटली की तू बटण बंद करतेस, जळका तुकडा काढून टाकतेस, उरलेली टोकं ताणून पीळ देतेस आणि कॉइल पुन्हा खाचेत दाबतेस. दर वेळी तार थोडी आखूड होते आणि शेगडी आधीपेक्षा लाल तापते. "माझ्या हाताचा गुण हाय," असं तू शेजारणीला ऐटीत सांगतेस. फ्यूज उडायला लागला तेव्हा त्यात जाड तार घालून घेतलीस, म्हणजे वायर पेटली तरी तो उडणार नाही, आणि तिथं माझं डोकं फिरलं.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते, वर्गात एकटी मुलगी, तोरा काही विचारू नकोस. सरांना विचारून मीटर आणले आणि शेगडीला जोडले. व्होल्टेज दोनशे, करंट आठ अँपिअर. भागाकार केला, रोध पंचवीस ओहम. गुणाकार केला, सोळाशे वॅट. मग शेजारणीची तसलीच नवी शेगडी आणून लावली. तिचा करंट पाच, म्हणजे रोध चाळीस आणि वॅट हजार. आपल्या भिंतीवरची वायर जेमतेम दिव्यांपुरती होती. मी तुझा हात धरून त्या वायरीवर ठेवला.

"गरम लागतंय ना?"

"सैपाकघरात गार काय असतंय?" तू म्हणालीस. "अन् तार कमी झाल्यावर ताकद वाढंल कशी? कणीक कमी घेतली तर भाकर मोठी व्हती व्हय?"

"अगं, तार म्हणजे करंटची वाट. वाट आखूड झाली की अडवणूक कमी, मग करंट जास्त धावतो."

"मग बरंच हाय की. डबे लवकर व्हतेत."

मी रागानं जेवले नाही. तूही आग्रह केला नाहीस. पुढं एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर चहाला उकळीच येईना. वाकून पाहिलं, खाचेत नवी कोरी कॉइल होती आणि फ्यूजमध्ये बारीक तार. तू पाठमोरी कांदा चिरत होतीस. "जुनी लई खराब झाली व्हती," एवढंच म्हणालीस. माझं बरोबर होतं हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. त्या बिनपावतीच्या विश्वासावर मी पुढं मोठमोठ्या साहेबांशी वाद घातले आणि बहुतेक जिंकले.

हा कागद टपालात द्यायचा नाही, वाचायला तू आता नाहीस, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी मला गणित शिकवायचं नव्हतंच. तू ओल्या हातानं त्या शेगडीशी वावरायचीस आणि तू मरशील अशी मला भीती वाटायची. तसं बोलायची आपल्या घरात रीत नव्हती, म्हणून मी तुला अँपिअर सांगितले.