पहारेकऱ्यांचा घास

१२ जानेवारी, दुपारी सव्वादोन. बाटल्या निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये लावल्यात, त्या निघेपर्यंत मोकळा आहे.

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाचवा महिना लागला तरी आईला सांगायचं नाही म्हणतेस. मागच्या वेळचं आठवून घाबरली आहेस, हे कळतं. पण गुपित ठेवायला माणूस चुकीचा निवडलास. आई भाजी चिरताना नुसती वर बघते तरी मला घाम फुटतो.

मागचं बाळ माझ्याच अंगाने परकं समजून टाकलं असेल, असं तू लिहिलंस. ते डोक्यातून जाईना. शेवटी कुणासाठी ते न सांगता प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, उत्तराचा एक तुकडा आपल्याच जिवाणू वाढवायच्या टाकीत आहे. माणसाच्या एका एन्झाइमची कृती, म्हणजे त्याचं जनुक, आम्ही जिवाणूंत घालतो आणि जिवाणू आम्हाला ते एन्झाइम करून देतात. परक्यावर तुटून पडणाऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. त्यांना ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते आपल्या खाण्यातूनच येतं. वारेतलं हे एन्झाइम बाळाभोवतीचं ट्रिप्टोफॅन मोडून टाकतं. घास मिळेना की पहारेकरी थंडावतात. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकंच, तरी राहू देतात! हे उंदरांत पाहिलंय, माणसात इतकं सरळ नाही, आणि यावरून कुणाचं काय झालं ते सांगता येत नाही, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

आता काळजीचं. या एन्झाइमात लोह असतं, म्हणून ते तांबूस दिसतं. परवाची खेप फिकट निघाली. लोह बसलंच नव्हतं, सगळी वाया. आणि तू लोहाच्या गोळ्या बंद केल्यास! मळमळलं तरी घे.

लोभ आहेच, गोळ्या घेतल्यास वाढेल.
तुझा, धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

मला काय टाकी समजलास? फिकट निघाले तर ओतून देणार का? तुझे दाजी हसून हसून खोकायला लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू लावलास तसा गोळीचा सरळ संबंध नाही. पण रक्त कमी आहे, गोळी हवीच. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर. तशी घेते आहे. म्हणजे तुझी रीत चुकली आणि उत्तर बरोबर आलं. शाळेत तेवढंही होत नव्हतं.

एक मात्र खरं. इतके दिवस वाटायचं, माझं अंगच बाळाच्या विरुद्ध आहे. आता पोटावर हात ठेवला की वाटतं, आत कुणीतरी त्याची बाजू घेतंय. काल ते पहिल्यांदा हललं.

तो घास मोडल्यावर त्याचं काय होतं रे? विचारून कळव. आणि आईला तूच सांग. मला लिहायचा धीर होत नाही.

तुझ्यावर जीव असलेली, ताई

२७ जानेवारी

ती. सौ. ताईस, शि. सा. न.

घास मोडला की त्याचा दुसराच पदार्थ होतो. त्यात तपासणीचं द्रावण घातलं की पिवळा रंग येतो. जितका गडद, तितकं एन्झाइम कामसू. नवी खेप तांबूस निघाली, आणि तपासणीत पिवळीधमक!

आईला सांगितलं. तिने विळीवरून हातही काढला नाही. म्हणाली, महिनाभर पत्र आलं की कपाटात डोकं घालून वाचतोस, मला काय कळत नाही? मग पहारेकऱ्यांची हकीकत पहिल्यापासून ऐकली. उरलेली भाजी चिरून संपवली. शेवटी म्हणाली, त्या पहारेकऱ्यांना खुशाल उपाशी राहू दे. माझ्या लेकीने राहायचं नाही.

रविवारी ती तुझ्याकडे येते आहे. पिशवी आत्ताच भरून ठेवलीय, सगळ्यात वर लिंबं.

हलणाऱ्या पाहुण्यासकट सर्वांनी माया ठेवावी.
धाकटा